मार्टेन गुडघ्यावर आला

जत्रेच्या रविवारी सकाळी मार्टेनला कोट चढवायचं काम गोदेलीवचं. शिडीवर उभं राहून ती त्याच्या गळ्याशी शेवटचं बटण लावायची, त्याच्या लाकडी गालावरची वर्षभराची धूळ बाहीने पुसायची आणि म्हणायची, "चला, नवरदेव तयार."

मार्टेन म्हणजे हाल्केर्क गावाचा महाकाय पुतळा. वेताचा सांगाडा, कोरीव लाकडाचं डोकं, उंची अशी की चालता चालता माडीवरच्या खिडकीत सहज डोकावावं. कधीकाळी समुद्र गावात शिरू लागला तेव्हा या मार्टेनने एकट्याने कालवा खणून पाणी वळवलं म्हणतात. खरं-खोटं त्या समुद्रालाच ठाऊक. एरवी गावात बघण्यासारखं होतं काय? विटांचा घंटामनोरा, कालव्याकाठची पवनचक्की आणि एक चर्च. पाहुणे यायचे, फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेआधी पुढच्या गावाची वाट धरायचे. पण जूनमधल्या जत्रेला मात्र गल्ल्यांत मुंगीला शिरायला जागा नसे, कारण त्या दिवशी मार्टेन नाचत असे.

मार्टेन नाचायचा म्हणजे आतला माणूस नाचायचा. सांगाड्याचे पट्टे खांद्यावर घेऊन, कोटाच्या पोटातल्या जाळीतून वाट बघत, एकट्याने ते धूड पेलायचं. आत कोण आहे हे अख्ख्या गावाला माहीत असे, पण तोंडाने कोणी बोलत नसे. पूर्वी आत म्हातारा कामिएल वांदाल असायचा. तो थकला आणि जागा त्याच्या थोरल्या मुलाकडे आली, आशीलकडे. आशील गोदेलीवचा नवरा.

धाकट्याचं नाव ओमेर. बैलासारखा खांदा, थोरल्यापेक्षा हातभर रुंद. बापाने जागा थोरल्याला दिली त्या दिवशी तो भर गुत्त्यात म्हणाला होता, "आशीलला मार्टेन मिळाला. मला काय, मार्टेनची टोपी?" लोक हसले. ओमेर हसला नाही. तेव्हापासून भाऊ-भाऊ बोलेनासे झाले. दोघांच्या घरांमध्ये फक्त कालवा, त्यावर एक पूल, पण तो पूल दोघांपैकी एकानेही ओलांडला नाही. ओमेरची बायको वारली तेव्हा आशील टोपी हातात घेऊन दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा राहिला आणि तसाच घरी परतला. गोदेलीव त्याला काय काय बोलली होती!

त्या रविवारी सकाळपासूनच उकाडा होता. आशीलने कॉफीचा कप नुसता हातात धरून ठेवला. मार्टेनच्या कोठारात तिने बटणं लावली, शिडी बाजूला केली, आणि नेहमीसारखी पट्टे आवळायला थांबली, तर तो म्हणाला, "तू हो पुढे. चौकात जागा धर."

"का रे? आत कोणी बाई लपवलीयेस की काय?"

आशील हसला, पण जरा उशिरा. "जा गं. गर्दी होईल."

उन्हाने चिडला असेल, असं म्हणून ती निघाली.

नगरभवनासमोरच्या चौकात ती पोचली तेव्हा शेजारीण झेली खुर्ची टाकून बसलीच होती. झेली गावातली सगळ्यात म्हातारी. कान गेलेले, पण डोळे घारीचे. "ये, बस," ती ओरडली. "तुझा नवरा यंदा नाचतोय की रांगतोय, बघू!"

"तुमच्यापेक्षा बरा नाचेल!" गोदेलीव तिच्या कानाशी ओरडली.

मनोऱ्यातल्या घंटा वाजू लागल्या, बासऱ्या आणि ढोल ऐकू आले. पुढे अग्निशमन दलाचा बँड, आणि छपरांवरून डोकं काढत मार्टेन चौकात आला. पोरं किंचाळली. मार्टेनने गिरकी घेतली आणि कोटाचा घेर छत्रीसारखा फुलला. गोदेलीवला नवल वाटलं. आशीलची गिरकी जपून असायची, गुडघे सांभाळून. आज स्वारी भलतीच रंगात होती. कोटाखालून दिसणारे ते तपकिरी बूट मात्र ओळखीचे. टाच तिनेच चांभाराकडून नवी बसवून आणलेली.

पुन्हा एक गिरकी, आणखी एक. मग नगरभवनाच्या पायऱ्यांसमोर मार्टेन थांबला. डोकं किंचित हललं, एक हात लोंबला, आणि ते प्रचंड शरीर सावकाश, फार सावकाश खाली आलं. मार्टेन गुडघ्यावर बसला.

क्षणभर बँडसुद्धा अडखळला. मार्टेन कधी गुडघे टेकत नसे. फक्त एकदाच टेकले होते. कालव्यात नाव उलटून गावची माणसं गेली त्या वर्षी, म्हाताऱ्या कामिएलने मेलेल्यांसाठी त्याला याच जागी वाकवलं होतं. ते पाहिलेली चार-दोन म्हातारी माणसं उरली होती.

झेली खुर्चीतून उठली. "कामिएल!" तिचा आवाज फाटला. "अरे, पोराने बापासारखे गुडघे टेकले! बापासारखे!" आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बघता बघता सगळा चौक टाळ्यांनी भरून गेला. फोन वर गेले. पायऱ्यांवर महापौरबाई मादाम लेस्काए डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. बँडवाल्यांना चेव आला, ढोल दुप्पट जोराने घुमू लागला.

गोदेलीवनेही हात उचलले होते. ते तसेच राहिले. कोटाच्या काठाखाली एक बूट कुशीवर आडवा पडला होता, घोट्यात पिळलेला. गुडघ्यावर बसलेल्या माणसाचा बूट असा पडत नाही.

"आशील!"

तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती गर्दीत घुसली. कोपरं, पाठी, छत्र्या, बाबागाड्या. कोणीतरी तिचा दंड धरला. "ओ मादाम, थांबा ना, चित्रण चाललंय!" तिने तो हात झटकला. सॉसेजच्या टपरीपाशी खाटीक फेर्नां टाळ्या वाजवत उभा होता. त्याच्या फळीवरची सुरी तिने उचलली.

"ए! काय करतेस, बाई?"

तिने मार्टेनच्या पोटात सुरी घातली.

जवळच्या लोकांच्या टाळ्या थांबल्या. वेडी झाली ही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती मात्र स्वतःच घातलेली शिवण टराटरा फाडत होती. सांगाडा कलला, कडकडला आणि आडवा झाला. मार्टेनचं डोकं फरसबंदीवर आपटल्याचा आवाज झाला. आता पोरं किंचाळली ती वेगळ्याच सुरात.

वेतांच्या आत, पट्ट्यांत अडकलेला माणूस तोंडावर पडला होता. तिने त्याला ओढून उताणा केला.

तो आशील नव्हता.

पायात बूट आशीलचे. चेहरा ओमेरचा. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे, केस घामाने चिकटलेले. गोदेलीव बघतच राहिली. डोक्यात एकच गोष्ट आली. हा माझा नाही. माझा नाही, माझा नाही. छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरला हे कळताच तिला स्वतःची अशी किळस आली की ती मोठ्याने ओरडली, "ओमेर! अरे ओमेर, ऊठ!"

ढोलवाल्याने गळ्यातला ढोल फेकला आणि गुडघ्यांवर बसून ओमेरची छाती दाबू लागला. दुसरा नगरभवनाच्या भिंतीवरचं हृदयाला झटका द्यायचं यंत्र आणायला धावला. कपडे फाडले, यंत्र बोललं, "दूर व्हा." सगळे दूर झाले. शरीर उसळलं, पडलं. पुन्हा दाबणं. आणि हे चालू असताना चौकाच्या पलीकडच्या टोकाला, चर्चच्या बाजूला, लोक अजून टाळ्या वाजवत होते. तिकडे बातमी पोचलीच नव्हती. इकडे माणूस निळा पडत होता आणि तिकडे कोणी शिट्टी मारत होतं. तो आवाज गोदेलीव जन्मात विसरली नाही.

रुग्णवाहिका आली. ओमेरला डंकर्कच्या इस्पितळात नेलं. मग फेर्नांने तो प्रश्न विचारला, जो सगळ्यांच्या तोंडावर होता.

"गोदेलीव, हा ओमेर आत कसा? तुझा नवरा कुठाय?"

ती चालू लागली. ओमेर जर आशीलच्या जागी होता, तर आशील कुठे असणार? तिने पूल ओलांडला.

ओमेरच्या घराचं मागचं फाटक उघडं होतं. अंगणात कबुतरांच्या खुराड्यासमोर स्टुलावर आशील बसला होता. पायात नुसते मोजे, हातात दाण्यांचा डबा. तिला बघून तो दचकला, पण चेहऱ्यावरचं हसू आवरलं नाही त्याला.

"आलीस? सापडलो म्हणायचं. रागावू नकोस, सगळं सांगतो." मग मान पुढे काढून, पोरासारखा, "ऐकल्यास ना टाळ्या? इथवर आल्या गं! गुडघे टेकवले ना त्याने? म्हणालाच होता, बाबांसारखं करून दाखवतो. मी म्हटलं, नको, पाठ मोडेल. ऐकतोय कसला!"

गोदेलीव फाटकाला धरून उभी राहिली.

"बोल ना. काय झालं?"

"तो पडला, आशील."

"पडला म्हणजे?"

"पडला. हृदय बंद पडलं त्याचं. त्याने गुडघे टेकले नव्हते. तो पडत होता, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो."

डबा त्याच्या हातातून सुटला. दाणे अंगणभर पसरले आणि कबुतरं फडफडत त्यांच्यावर तुटून पडली. आशील त्या कबुतरांकडे बघत राहिला, जणू कोणी परक्या भाषेत बोलून गेलं होतं आणि तो अर्थ लागायची वाट बघत होता.

इस्पितळात तो ओमेरच्या सपाता घालून गेला. तासभर दोघं बाकावर बसली. मग एक तरुण डॉक्टरीण आली, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, आणि ती बसली तेव्हाच गोदेलीवला कळलं. उभ्याने सांगायची बातमी ती नव्हती. उपयोग झाला नाही, ती म्हणाली. चौकातच संपलं होतं खरं तर. तिने प्लास्टिकची एक पिशवी पुढे केली. "त्यांचे कपडे आणि बूट."

"बूट माझे आहेत," आशील म्हणाला.

डॉक्टरणीला वाटलं, धक्क्याने बोलतोय. तिने मान हलवली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

घरी येऊन दोघं स्वयंपाकघरात बसली. टेबलावर जत्रेसाठी सकाळी केलेला साखरेचा केक तसाच झाकलेला होता.

"आता सांग," गोदेलीव म्हणाली.

सांगताना आशील तिच्याकडे बघत नव्हता. गेल्या वर्षी, चर्चच्या वळणावर, आत असताना एकाएकी त्याला श्वास घेता येईना. दुखत नव्हतं कुठे. फक्त वेत जवळ येऊ लागले. सगळीकडून आवळत आले. पट्टा दातांत धरून त्याने तो दिवस कसाबसा रेटला. त्यानंतर कोठारात जाऊन नुसतं सांगाड्याखाली वाकलं तरी हातपाय थरथरायचे.

"आणि तळघरात?" तिने विचारलं. वर्षभर तो तळघरातून बियरची बाटलीसुद्धा आणत नव्हता. आळशी झालायस, म्हणून ती रोज टोमणे मारायची.

"तळघरातही."

"आणि तू मला काही बोलला नाहीस."

"नाही."

"ओमेरला बोललास."

"मार्च महिन्यात गेलो. दुसरा होता कोण ज्याला तो नाच येतो? दार उघडलं त्याने, मला बघून म्हणाला, 'कोण मेलं?' म्हटलं, कोणी नाही. मला भीती वाटते. वाटलं, आता हसेल. इतक्या वर्षांचं सगळं वसूल करेल. त्याने शिव्या दिल्या, मनसोक्त दिल्या. मग म्हणाला, 'गाढवा, आत ये, बूट पुसून ये.'" आशीलने टेबलाची कड घट्ट धरली. "दर सोमवारी जायचो. नेमबाजीच्या क्लबात जातो म्हणून तुला सांगायचो ना, तेव्हा. आधी तालीम, कोणी ओळखू नये म्हणून माझेच बूट घालून, मग पत्ते. लबाडी करायचा पत्त्यांत. लहानपणी करायचा तशीच."

गोदेलीव उठून खिडकीपाशी गेली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि मेलेल्या माणसाच्या दिवशी असा संताप यावा याचाही संताप येत होता.

"एवढी वर्षं एका बिछान्यात झोपले तुझ्याशेजारी," ती म्हणाली. "आणि तू भीती सांगायला पूल ओलांडून गेलास. ज्याचं तोंड बघत नव्हतास त्याच्याकडे."

"तुला सांगितलं असतं तर तू जवळ घेतलं असतंस मला," आशील म्हणाला. "ते सोसलं नसतं. तो शिव्या देणार हे माहीत होतं."

तिने झाकलेला केक उचलून कपाटात ठेवला.

दोन दिवसांत गावभर चर्चा झाली. फोनमधली चित्रणं हिंडत होती, लोक ती बघत होते आणि आपण ती बघितली हे एकमेकांपासून लपवत होते. भाड्याने भाऊ घातला आत, कोणी म्हणे. कोणी म्हणे, मत्सराने मारलं. शेवटी मादाम लेस्काए यांनी नगरभवनात सभा बोलावली. विषय एकच, मार्टेनचं काय करायचं. काचेच्या पेटीत ठेवून द्यावा, पाहुणे येऊन बघतील, असं त्यांचं म्हणणं.

बोलणी सुरू होण्याआधीच आशील उभा राहिला. गोदेलीवला त्याने आधी काही सांगितलं नव्हतं. याही वेळी नाही.

"ओमेरला मी पाठवलं," तो म्हणाला. "मला आत जायची भीती वाटते. गेल्या वर्षापासून. म्हणून तो गेला. एवढंच."

या माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं मार्टेनच्या पोटात पाहिलं होतं. मार्टेन घाबरतो म्हटलं असतं तर त्यांना याहून मोठा धक्का बसला नसता.

फेर्नां लाल झाला. "मग तसं सांगायचं होतंस! चार माणसं उभी राहिली असती. तू भित्रा, आणि जीव गेला त्याचा!"

"हो," आशील म्हणाला.

'हो' म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही. फेर्नां उभाच राहिला, बसावं की नाही हे न कळून.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. झेली. तिला अर्धंमुर्धंच ऐकू आलं होतं, पण कोण कोणाला काय म्हणतंय ते तिने चेहऱ्यांवरून वाचलं होतं.

"टाळ्या पहिल्यांदा मी वाजवल्या," ती मोठ्याने म्हणाली. "मी उठून ओरडले म्हणून सगळे वाजवायला लागले. डोळ्यांदेखत पोरगा मरत होता आणि मला कामिएल दिसत होता. फेर्नां, तू किती वेळ वाजवल्यास?"

फेर्नां खाली बसला.

"तुम्ही किती वेळ वाजवल्या, मादाम?"

मादाम लेस्काए यांनी समोरचे कागद नीट केले, पुन्हा विस्कटले, आणि एकाएकी तोंडावर हात धरून त्या रडू लागल्या. मग कोणी खोकलं, कोणी खुर्ची सरकवली. एका बाईने हळूच सांगितलं की ती चर्चपाशी होती, तिने शिट्टी मारली होती. एकेक जण बोलू लागला. काचेच्या पेटीचा विषय त्या संध्याकाळी पुन्हा निघाला नाही.

ओमेरच्या अंत्ययात्रेला मार्टेनला न्यायचं ठरलं. मार्टेनला खांद्यावर वाहणारा मेला की मार्टेन त्याला पोचवतो, अशी रीत. पण आत कोण जाणार? कोणीच पुढे आलं नाही. गावात एक माणूस नव्हता ज्याचं मन त्या वेतात शिरायला धजलं असतं. "मग आडवा नेऊ," आशील म्हणाला. तो बोलला आणि कोणी वाद घातला नाही.

फाटलेला कोट गोदेलीवने टाचला नाही. शिवून काय लपवायचं होतं? मार्टेनला तसंच शिड्यांवर निजवलं आणि आठ जणांनी खांदा दिला. पुढे ओमेरची शवपेटी, मागे तो प्रचंड देह, आभाळाकडे तोंड करून, गालावर फरसबंदीचा ओरखडा. एका कोपऱ्याला आशील होता, दुसऱ्याला फेर्नां. बासरी नाही, ढोल नाही. माडीवरच्या खिडक्यांतून माणसं वाकून खाली बघत होती. आजवर मार्टेन त्यांच्याकडे बघत आला होता, आज ती त्याच्याकडे बघत होती. दफनभूमीच्या फाटकापाशी आशील थांबला नाही. तो आत गेला, थेट खड्ड्यापर्यंत.

पुढच्या वर्षी मार्टेन निघाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी निघाला. आता आत जाणारे पाळीपाळीने बदलतात, चर्चच्या वळणावर थांबून पाणी पितात, आणि आत कोण आहे ते सगळ्यांना उघड सांगितलं जातं. जुन्या लोकांना ते रुचत नाही. आशील कोटाला हात लावून बाजूने चालतो आणि सगळा वेळ आतल्या माणसाशी बोलत राहतो. काहीबाही बोलतो. हवामान, कबुतरं, कालच्या शर्यतीत कोण जिंकलं. आतून उत्तर यायला जरा उशीर झाला की त्याचा चेहरा पांढरा पडतो आणि तो हात वर करतो. हात वर झाला की बँड थांबतो, घंटा थांबतात, अख्खा चौक श्वास रोखून उभा राहतो. मग कोटाच्या आतून वैतागलेला आवाज येतो, "अहो आहे, आहे मी! चला पुढे!"

गोदेलीव दुसऱ्या बाजूने चालते. तो आवाज येईपर्यंत तिची नजर कोटाखालच्या बुटांवरून हलत नाही.